लपणाऱ्या आजारासाठी माणूस शोधताना

डिसोसिएशनचा आजार लपण्यासाठीच जन्माला येतो. कोवळ्या वयात जे झेपण्यापलीकडचं असतं, ते मन जाणिवेतून बाजूला काढून ठेवतं. बहुतेक वेळा पर्यायच नसतो, कारण ज्यांच्याकडून त्रास होतो त्यांच्याच आधाराने लेकराला जगायचं असतं. सकाळी त्याच घरात उठायचं, त्याच माणसांशी बोलायचं, दप्तर घेऊन शाळेत जायचं. मग रात्रीचं सकाळला माहीत नसलेलंच बरं. ही व्यवस्था वर्षानुवर्षं इतकी चोख चालते की आजूबाजूच्यांचं सोडा, ज्याची त्यालाही तिचा पत्ता लागत नाही. आणि एक दिवस ती कोलमडली की आपल्याकडून अपेक्षा काय, तर आपण फोन उचलावा, वेळ ठरवावी आणि आपल्याला नेमकं काय होतंय ते एका अनोळखी माणसाला मुद्देसूद सांगावं.

या आजाराचे जाणकार थेरपिस्ट कमी आहेत, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण त्याच्या आधीची अडचण फारसं कुणी बोलून दाखवत नाही: हा आजार माणसाला शोध घेऊच देत नाही. वेळ ठरवणारी मी वेगळी असायची आणि त्या दिवशी खुर्चीत जाऊन बसणारी वेगळी. ज्या दिवशी जीव घाबरा व्हायचा त्या दिवशी उंबरठा ओलांडवत नसे, आणि ज्या दिवशी जाता यायचं त्या दिवशी काहीच होत नसायचं. ‘तसं बरं चाललंय’ असं मी डॉक्टरांना मनापासून सांगून येई, आणि त्या क्षणी ते खरंही असे. एकदा एका थेरपिस्टकडून उत्तर आलं, ‘हरकत नाही, पुन्हा कधी वाटलं तर कळवा.’ मला अर्थच लागेना. वर बोट सरकवलं तर माझ्याच फोनवरून गेलेला निरोप होता: ‘मला यायचं नाही. कृपया पुन्हा संपर्क करू नका.’ नीट, विरामचिन्हांसकट लिहिलेला. तो लिहिल्याचं मला काडीइतकंही आठवत नव्हतं.

आज मला त्या निरोपाचा राग येत नाही. आतल्या ज्या कुणी तो लिहिला, तिचं काम राखण करण्याचं होतं. घरातलं बाहेर बोलायचं नाही हा नियम तिने फार लहानपणी पाठ केला होता आणि तो मोडला की काय होतं ते तिने पाहिलेलं होतं.

विषय ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाचताना तंद्री लागणं, रोजच्या रस्त्याने घरी पोहोचलो पण वाटेतलं काही आठवत नाही, हे सगळ्यांनाच होतं आणि तो आजार नव्हे. आजार म्हणायचा तो स्मृती, ओळख, भावना, शरीराची जाणीव हे धागे एकमेकांपासून इतके सुटतात की जगणं अडतं तेव्हा. मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या वर्गीकरणात याचे मुख्य तीन प्रकार आहेत. पहिला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी: एकाच माणसात ओळखीच्या वेगवेगळ्या अवस्था असतात (आम्ही त्यांना ‘भाग’ म्हणतो) आणि त्यांच्यामध्ये विस्मृतीच्या भिंती असतात. दुसरा डिसोसिएटिव्ह अ‍ॅम्नेशिया, म्हणजे आयुष्यातला एखादा तुकडाच आठवणीतून गायब. तिसरा डीपर्सनलायझेशन-डीरिअलायझेशन: आपण स्वतःला बाहेरून पाहतोय असं वाटणं, किंवा समोरचं जग काचेपलीकडचं, खोटं वाटणं. यात नीट न बसणारी माणसंही खूप आहेत, त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणाने तर ‘आंशिक डीआयडी’ असा प्रकारही मानला आहे. पडद्यावर दाखवतात तसा क्षणात आवाज बदलणारा, कपडे बदलणारा रुग्ण प्रत्यक्षात विरळा. बहुतेकांचं सगळं आतल्या आत चालतं. बाहेरून दिसते ती विसराळू, हळवी, कधी अचानक गप्प होणारी एक बाई.

माझं निदान डीआयडी आहे. ते व्हायला फार वर्षं लागली, आणि त्यात मी एकटी नाही. संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलेला आकडा असा, की अशी माणसं पहिल्यांदा उपचारांसाठी गेल्यापासून योग्य निदान होईपर्यंत सरासरी ५ ते १२ वर्षं जातात आणि मधल्या काळात त्यांना तीन-चार वेगळी निदानं चिकटतात. नैराश्य, बायपोलर, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी, स्किझोफ्रेनिया. यातलं काही सोबत असूही शकतं, नैराश्य तर असतंच असतं. पण आवाज ऐकू येतात असं सांगितलं की समोरच्याचा हात थेट सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजारावरच्या गोळ्यांकडे जातो. वास्तविक मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड क्लुफ्ट यांनी १९८७ सालीच दाखवून दिलं होतं की स्किझोफ्रेनियाची खास ओळख मानली जाणारी कितीतरी लक्षणं डीआयडीतही सर्रास आढळतात. त्यामुळे आवाज येतात का, एवढं विचारून भागत नाही. ते कधीपासून येतात, आतून येतात की बाहेरून, त्यात लहान मुलाचा आवाज आहे का, ते आपसात बोलतात का, त्यांना उत्तर दिलं तर ऐकतात का, हे विचारावं लागतं. मला हे विचारलं गेलं तेव्हा मी तिशी केव्हाच ओलांडली होती.

एक सरळ सल्ला इथेच देऊन टाकते. शरीराच्या तपासण्या टाळू नका. वेळ हरवणं, परकेपणा वाटणं हे मेंदूच्या टेम्पोरल लोब या भागातल्या अपस्मारात होऊ शकतं, डोक्याला मार लागल्यावर होऊ शकतं, नशेच्या पदार्थांनी आणि काही औषधांनीही होऊ शकतं. माझ्या ताईने हट्टाने ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, करून घ्यायला लावला. तो स्वच्छ आला आणि निदान एक शंका तरी कायमची मिटली. औषधांबद्दलही हेच, अपेक्षा नीट ठेवावी. डिसोसिएशनवरची म्हणून मान्य झालेली गोळी आजवर नाही. गोळ्या झोपेला, नैराश्याला, चिंतेला मदत करतात आणि ती मदत मोलाची असते. त्या बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारूनच कराव्यात. मूळ काम मात्र संवादातून, थेरपीतूनच व्हावं लागतं.

म्हणजे सगळं येऊन थांबतं ते माणसावर.

हा माणूस शोधताना मला दोन प्रकारची दारं लागली आणि दोन्हींनी मला दुखवलं. त्यामागचा इतिहास मला नंतर कळला, आणि तो कळल्यावर दोन्हींकडे थोडं शांतपणे पाहता आलं. फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी १८८९ मध्येच, असह्य अनुभव जाणिवेपासून सुटा पडतो आणि आपल्या परीने आत जगत राहतो, हे मांडलं होतं. पुढे मनोविश्लेषणाच्या लाटेत ते बरंचसं विसरलं गेलं. १९८० मध्ये डीएसएम-३ ने ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ला स्वतंत्र जागा दिली आणि विशेषतः अमेरिकेत उत्साहाला उधाण आलं. संमोहनाखाली आठवणी खणून काढणं, रुग्णाच्या तोंडी शब्द घालणं, नवनव्या व्यक्तिमत्त्वांची मोजदाद करणं, असले प्रकार झाले आणि त्यात माणसं खरोखर उद्ध्वस्त झाली. मग प्रतिक्रिया आली. १९९२ मध्ये ‘फॉल्स मेमरी सिंड्रोम फाउंडेशन’ स्थापन झालं, खटले चालले. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवल्याची कधीच न घडलेली आठवण सुमारे पाव सहभागींनी कमीअधिक प्रमाणात खरी मानली. १९९४ मध्ये आजाराचं नाव बदलून डीआयडी झालं, पण वाद काही शमला नाही.

त्या वादाचे वारस आजही थेरपीच्या खुर्चीत बसलेले भेटतात. एक गट आजारच मानत नाही. ‘इंटरनेटवर फार वाचता का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. एका डॉक्टरांनी माझं बोलणं मध्येच थांबवून ताईला विचारलं, ‘घरी हिच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं का?’ मी तिथेच बसले होते. त्यानंतर कित्येक महिने मी कुणालाच काही सांगितलं नाही. नाटक करणाऱ्याला आणि खऱ्या रुग्णाला वेगळं ओळखता येतं का, हा प्रश्न विज्ञानाने गंभीरपणे घेतलेला आहे. सिमोन राइन्डर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डीआयडीची हुबेहूब नक्कल करायला शिकवलेल्या निरोगी लोकांच्या मेंदूत आणि शरीरात रुग्णांसारखे बदल दिसले नाहीत, कल्पनाशक्ती दांडगी असलेल्यांमध्येसुद्धा नाहीत. त्या दिवशी मला हे माहीत असतं तरी मी ते बोलू शकले नसते, हेही तितकंच खरं.

दुसरा गट मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तिथे आपलं स्वागत होतं. वर्षानुवर्षं कुणी विश्वास ठेवलेला नसतो, आणि इथे समोरचा माणूस पुढे सरकून, डोळ्यांत चमक आणून ऐकतो. अशा एका थेरपिस्टनी दुसऱ्याच भेटीत सांगितलं, ‘आतल्या छोटीला बोलवा, मला तिच्याशी बोलायचंय.’ छोटी आली. बोलली. बाहेर पडल्यावर पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझ्या वहीवरूनच मला कळतं: झोप नाही, हातावर ओरखडे, आणि एका पानावर मोठ्या वाकड्या अक्षरात फक्त ‘सांगायचं नव्हतं’. ज्यांना माझ्या आजाराचं एवढं कौतुक होतं, त्यांनी त्या आठवड्याची चौकशी केली नाही. पुढच्या भेटीत त्यांना आणखी कोण आहे ते हवं होतं.

अविश्वास आणि भारावून जाणं, दोन्हींत एक गोष्ट समान आहे. दोन्ही ठिकाणी समोरच्या माणसाला आपलं म्हणणं सिद्ध करायचं असतं, आणि आपण त्याचा पुरावा होतो. मला हवा होता तो ज्याला काहीच सिद्ध करायचं नाही असा माणूस. मी म्हणेन की थेरपिस्ट पारखायची माझ्याकडे हीच एक कसोटी आहे. पदव्या, अनुभवाची वर्षं, उपचारपद्धतीचं नाव हे सगळं तिच्यानंतर.

सध्याच्या मॅडम मला भेटल्या तेव्हा त्यांनी फोनवरच सांगितलं की डीआयडीचे फार रुग्ण त्यांनी पाहिलेले नाहीत. मानसिक आघातावर काम करण्याचा अनुभव आहे, या विषयातल्या एका ज्येष्ठ थेरपिस्टकडून त्या नियमित मार्गदर्शन घेतात, आणि माझी संमती असेल तर माझं नाव न सांगता तिथे चर्चा करतील. मला त्या क्षणी थोडी निराशा वाटली होती, पण आज वाटतं की याहून चांगलं उत्तर नसतं. तज्ज्ञच हवा असं धरून बसलात तर कदाचित जन्मभर शोधतच राहाल. जो माणूस आघाताचं काम नीट जाणतो, जे येत नाही ते कबूल करतो आणि शिकायला तयार असतो, तो पुरतो. शिकण्याची साधनं आहेत. डिसोसिएशनचा अभ्यास करणाऱ्यांची आयएसएसटीडी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९८० च्या दशकापासून काम करते आहे, थेरपिस्टसाठी अभ्यासक्रम चालवते, आणि प्रौढांमधल्या डीआयडीच्या उपचारांची तिची मार्गदर्शक तत्त्वं २०११ मध्ये तिसऱ्यांदा सुधारून प्रसिद्ध झाली. आपल्या थेरपिस्टना ती वाचलीत का असं विचारण्यात काहीही वावगं नाही. विचारल्यावर जो दुखावला जातो, त्याच्याकडे आपल्या दुखऱ्या जागा उघड्या करण्यात अर्थ नाही.

मग फोनवर आणखी काय विचारायचं? सुरुवात कुठून करणार, हे जरूर विचारा. उत्तरात झोप, सुरक्षितता, रोजचा दिवस कसा निभावतो असले कंटाळवाणे शब्द आले तर जीव भांड्यात पडू द्या. ‘पहिल्या दिवसापासून मुळाशी जाऊ’ असं उत्तर आलं तर दुसरं नाव शोधा. आतल्या भागांबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारा. एखाद्या भागाला, विशेषतः रागीट, शिव्या देणाऱ्या भागाला घालवून टाकू असं कुणी म्हणालं तर तिथे थांबू नये. तो भागही कधीकाळी आपल्याला वाचवायलाच उभा राहिलेला असतो. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत, वापरत असतील तर आधी डिसोसिएशनची चाचपणी करतात का आणि तयारीला किती वेळ देतात, हे विचारा. पद्धत चांगली आहे, पण पुरेशा तयारीशिवाय आणि आपल्या आजारानुसार फेरफार न करता वापरली तर एका बैठकीत सगळे बांध फुटू शकतात. दोन भेटींच्या मध्ये फोन करता येतो का, सुट्टीवर जाताना किती आधी सांगतात, हेही आधीच ठरलेलं बरं, कारण नेमकी त्याच काळात आतली लहान मुलं सैरभैर होतात.

पहिल्या काही भेटींतच मॅडमनी मला डीईएस नावाची प्रश्नावली दिली. १९८६ मध्ये ईव्ह बर्नस्टाइन आणि फ्रँक पटनम यांनी ती तयार केली. २८ प्रश्न, आणि आपल्याला तो अनुभव किती वेळा येतो ते ० ते १०० मध्ये सांगायचं. त्यात एक प्रश्न असा आहे की आपल्या सामानात, विकत घेतल्याचं आठवत नाही अशा वस्तू आपल्याला सापडतात का. मी पेन्सिलीने शून्यावर खूण केली आणि पुढे गेले. शेवटी कागद परत देताना पाहिलं तर त्याच प्रश्नापुढे साठावरही खूण होती, दाबून केलेली, कागदाच्या मागे उमटेल इतकी. मी घाईघाईने खोडरबर मागितला. मॅडमनी कागद माझ्या हातून हळूच घेतला आणि म्हणाल्या, ‘राहू देत दोन्ही. कोणतं बरोबर हे आज ठरवायची गरज नाही.’ माझ्या आयुष्यात दोन उत्तरांना एकाच कागदावर राहायची परवानगी पहिल्यांदाच मिळाली होती.

ही प्रश्नावली फक्त चाळणी आहे, एवढं लक्षात असू द्या. सरासरी ३० च्या वर गेली म्हणजे आजार झाला असं नाही, सविस्तर तपासणी करायला हवी एवढाच तिचा अर्थ. त्यासाठी मार्लिन स्टाइनबर्ग यांची एससीआयडी-डी ही मुलाखतीची पद्धत आहे, पॉल डेल यांची २१८ प्रश्नांची एमआयडी आहे. घरी बसून डीईएस भरायची आणि स्वतःचं निदान स्वतः करायचं, हे नको. भरून घेऊन जायची आणि ‘हे पाहून मला काय वाटलं’ ते बोलायचं, हे मात्र उपयोगी पडतं.

उपचाराचे टप्पे जुने आणि सर्वमान्य आहेत. त्यांचा आराखडा जाने यांच्या कामातच सापडतो, आणि जुडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये तो आजच्या भाषेत मांडला: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा जगाशी जोडून घेणं. वाचताना ओळीत तीन पायऱ्या दिसतात. जगताना पहिल्या पायरीवरच वर्षं जातात, दुसरीवर पाऊल टाकलं की पुन्हा पहिलीवर यावं लागतं, आणि त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. मला वाटत असे की आठवणींपर्यंत पोहोचलं म्हणजे खरी थेरपी सुरू झाली. पण पहिल्या टप्प्यातलं साधं कामच माणसाला जिवंत ठेवतं. पाय जमिनीवर टेकवून तळव्यांचा दाब जाणवून घेणं. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घेणं. आजची तारीख, माझं आजचं वय, या घराचं दार मला आतून उघडता येतं, हे आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणं. एक सामाईक वही ठेवणं, जिच्यात कुणीही लिहावं आणि कुणीही कुणाचं पान फाडू नये. फोनवरून तो निरोप पाठवणारीने माझ्या वहीत पहिल्यांदा लिहिलं ते असं: ‘बाई बरी आहे. पण दार उघडं ठेवायला सांग.’ तेव्हापासून माझी खुर्ची दाराकडे तोंड करून असते.

क्लुफ्ट यांचा एक नियम मॅडम कसोशीने पाळतात. बैठकीचा पहिला तृतीयांश विषयापर्यंत पोहोचायला, मधला कठीण कामाला, आणि शेवटचा पूर्णपणे सावरायला. मधला वेळ संपला असेल तर कितीही महत्त्वाचं तोंडावर आलं तरी नवं काही उघडायचं नाही. भिंतीवरचं घड्याळ आम्हा दोघींना दिसेल असं आहे. सुरुवातीला मला हे निर्दय वाटायचं. मी रडत असताना त्या म्हणायच्या, ‘आता वीस मिनिटं राहिली आहेत, आपण हळूहळू इथे परत येऊ या.’ पण घरी मी स्वतःच्या पायांनी, रस्ता आठवत पोहोचायची. पूर्वी असं होत नसे.

या संथपणाला पुराव्याचा आधार आहे. बेथनी ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या टॉप डीडी अभ्यासात १९ देशांतले २८० रुग्ण आणि २९२ थेरपिस्ट होते. ३० महिन्यांच्या पाठपुराव्यात रुग्णांचं डिसोसिएशन, नैराश्य, स्वतःला इजा करणं, रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, सगळं कमी झालेलं दिसलं. तुलनेसाठी उपचार न घेणारा गट नव्हता, त्यामुळे तो अखेरचा पुरावा नव्हे. तरी टप्प्याटप्प्याने केलेल्या उपचारांनी माणसं बिघडत नाहीत, सावरतात, एवढं त्यातून दिसतं. हे महत्त्वाचं आहे, कारण बरंच काही पणाला लागलेलं असतं. डीएसएम-५ च्या नोंदीनुसार बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्या डीआयडीच्या ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. तुम्ही थेरपिस्टच्या शोधात असाल आणि जीव द्यावासा वाटत असेल, तर योग्य माणूस मिळेपर्यंत थांबू नका. जवळचं कोणतंही रुग्णालय, कोणताही डॉक्टर, कोणतीही हेल्पलाइन त्या रात्री चालेल. त्यांना डिसोसिएशन कळलं नाही तरी चालेल.

ज्यांचा त्रास डीपर्सनलायझेशनचा आहे त्यांची वाट थोडी वेगळी. तिथे बऱ्याचदा ‘आत्ता खरं वाटतंय का?’ हे सतत तपासत राहणंच त्रासाला खतपाणी घालतं, आणि लक्ष पुन्हा बाहेर वळवण्यावर भर देणारी सीबीटी, म्हणजे विचारांवर आणि सवयींवर काम करणारी थेरपी, काहींना उपयोगी पडते. डोळे मिटून ध्यानाला बसवलं आणि त्याने परकेपणा वाढला, तर तसं सांगा आणि डोळे उघडे ठेवा. ज्यांना डिसोसिएटिव्ह झटके, म्हणजे फिटसारखे दिसणारे पण अपस्मारामुळे नसलेले झटके येतात त्यांच्यासाठी कोड्स नावाची मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ३६८ रुग्ण होते. वर्षभरानंतर पाहिलं तर, सीबीटी मिळालेल्यांच्या झटक्यांची संख्या इतरांपेक्षा खात्रीने कमी झाली असं दिसलं नाही, पण रोजच्या जगण्यातला अडथळा आणि मनाचा त्रास कमी झाला. झटके तेवढेच आणि जगणं मात्र सोपं, यालाही मी उपचार लागू पडला असंच म्हणेन.

ऑनलाइन थेरपीने माझ्यासारख्या कित्येकांची सोय झाली. फक्त दार लावून एकटीने बोलता येईल अशी जागा हवी, आणि मध्येच मी हरवले तर थेरपिस्टनी कुणाला फोन करायचा ते आधी ठरलेलं हवं. माझ्या बाबतीत ती ताई. ती खोलीत काय बोलणं झालं ते कधी विचारत नाही. आता कोण आहेस, असंही विचारत नाही. ‘झोप लागली का गं?’ एवढंच विचारते आणि माझ्या उत्तरावरून तिला हवं ते कळतं. माझ्या गोळ्या, जुने कागद, कोणत्या डॉक्टरांनी कधी काय म्हटलं याची फाइल तिच्याकडे आहे. विस्मरण हेच ज्या आजाराचं लक्षण, त्यात कुणीतरी दुसऱ्याने आठवण ठेवणं हा उपचाराचाच भाग असतो.

थेरपिस्ट सोडावाही लागतो, आणि ते जमलं पाहिजे. जो मैत्रीचं, पैशाचं किंवा देहाचं नातं जोडू पाहतो, जो आपल्यातलं कुणाला सांगू नकोस म्हणतो, आपल्याला धूसर आहे तिथे स्वतःची कथा भरतो, घरच्यांना आत्ताच्या आत्ता जाब विचार म्हणून टोचतो, त्याच्याकडून निघून यायला कारण द्यावं लागत नाही. मात्र नुसता राग आला, समजून घेतलं नाही असं वाटलं, तर एकदा तोंडावर सांगून पाहावं. त्या उत्तरावरून माणूस नीट कळतो. मॅडमना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी सफाई दिली नाही. नेमकं कोणत्या वाक्याने दुखावलं ते विचारलं आणि ते वाक्य मागे घेतलं.

मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे शेवटी सगळे भाग एक होणार का. मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की एकत्र येणं हे एक चांगलं ध्येय आहे, पण प्रत्येकाला ते जमेलच किंवा हवंच असेल असं नाही. आत समंजस सहकार्य असणं हेही मान्य ध्येय आहे. आमच्यात याबद्दल मतभेद आहेत. काहींना एक होणं म्हणजे मरण वाटतं, छोटीला वाटतं की मग तिला कुणी गोष्ट सांगणार नाही, आणि राखण करणारी म्हणते आधी इथे चोरून रडायची वेळ येणार नाही एवढं बघा. मॅडमनी अजून कुणाचीच बाजू घेतलेली नाही. सध्या आम्ही झोपेवर काम करतोय.